भोक नसलेली कुंडी

सत्कारात हारतुऱ्यांऐवजी रोप द्यायची पद्धत सुरू झाली, तेव्हा या सदरात मी तिचं मनापासून स्वागत केलं होतं. आजही माझं मत तेच आहे. शाल कपाटात जाते, पुष्पगुच्छ दुसऱ्या दिवशी घंटागाडीत जातो, रोप निदान घरात जगतं. म्हणूनच या आठवड्यात एका कार्यक्रमात जे हातात पडलं, त्याने माझं डोकं फिरलं. पांढरीशुभ्र, चकचकीत, चिनी मातीची कुंडी. पुढच्या बाजूला संस्थेचं बोधचिन्ह, आत जेडचं छोटं रोप. घरी आल्यावर कुंडी उचलून बुडाखाली बोट फिरवलं, तर भोकच नाही! मंचावरच्या प्रत्येकाला तीच कुंडी मिळाली होती आणि बाहेर टेबलावर पाहुण्यांसाठी तशाच कुंड्यांच्या रांगा लावल्या होत्या. एवढी रोपं दिली, पण पाण्याला बाहेर पडायला एकाही कुंडीत वाट ठेवली नाही.

मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की हवेला जागा उरत नाही, मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून वर पानं माना टाकतात. घरातल्यांना वाटतं झाड तहानलंय, म्हणून ते आणखी पाणी घालतात. जेड तर पानांतच पाणी साठवणारं झाड, ते अशा कुंडीत फार दिवस काढत नाही.

कुंड्या विकणाऱ्या एका दुकानदाराशी यावर बोलले. तो म्हणाला, "ताई, लोक टीव्हीशेजारी ठेवतात. पाणी गळून फर्निचर फुगलं की आमच्याशीच भांडायला येतात." त्याची अडचण मला कळते. पण तिचा भुर्दंड झाडाने का भरायचा? ज्यांच्या घरी अशी कुंडी आली असेल त्यांनी ती वरचं भांडं म्हणून वापरावी. आत भोकं असलेली प्लॅस्टिकची कुंडी बसवावी, पाणी घालायचं तेव्हा आतली कुंडी मोरीत न्यावी, पूर्ण निथळू द्यावी आणि मग परत ठेवावी. नाहीतर फरशीचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडून भोक पाडून घ्यावं. त्याच्याकडे हिऱ्याचं बिट असतं. ड्रिलचा हातोडा बंद ठेवून, पाणी शिंपडत, हलक्या हाताने केलं तर कुंडी फुटत नाही. आणि रोपं भेट देणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की बोधचिन्ह कुठे छापायचं हे ठरवण्याआधी कुंडी एकदा उलटी करून बघा.

भोक असलं की खाली ताटली आली, आणि ताटली आली की डास आले. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्याजवळ अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ताटलीच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात, म्हणून नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही. आठवड्यातून एकदा ताटली काथ्याने घासायला हवी. आमच्या मजल्यावरच्या काकू हे काम शनिवारी सकाळी न चुकता करतात आणि शेजारच्या दोन घरांच्या ताटल्याही घासून ठेवतात. मला त्यांचं फार कौतुक आहे.

कुंडी कुठली घ्यावी, याबद्दलचं माझं मत जुन्या वाचकांना पाठ असेल. वजन झेपत असेल तर भाजलेल्या मातीची, बिनझिलईची साधी कुंडी घ्या. तिच्या अंगातून ओल बाहेर झिरपते आणि उडून जाते, त्यामुळे आतली मुळं थंड राहतात. पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिल-मेच्या दुपारी काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला हात लावून बघा, म्हणजे फरक कळेल. मातीच्या कुंडीवर पांढरे डाग येतात ते पाण्यातल्या आणि खतातल्या क्षारांचे, ब्रशने घासले की जातात. कुंभाराकडे कुंडी निवडताना ती उचलून बोटाच्या पेराने वाजवावी. आवाज खणखणीत आला तर घ्यावी, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. घरी भरलेली कुंडीही अशीच वाजवता येते. आतली माती कोरडी असेल तर आवाज मोकळा येतो, ओली असेल तर दबका. पाणी घालायचं की नाही, हे ठरवायला वेगळं यंत्र लागत नाही.

तळाशी विटांचे तुकडे आणि खडी भरायचा सल्ला मात्र मला पटत नाही. बारीक मातीतलं पाणी मोठ्या खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्यावरच ते खाली सरकतं. म्हणजे खडीमुळे निचरा वाढत नाही, उलट ओलीचा थर वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकावर एक खापरी पालथी टाकली की पुरे.

खरी अडचण असते ती मातीची. रोपवाटिकेतून रोप येतं ते लाल चिकण मातीच्या हुंडीत. प्रवासात फुटू नये म्हणून ती घट्ट असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण तशीच्या तशी ती हुंडी भुसभुशीत मातीत बसवली की वरून घातलेलं पाणी कडेकडेने निघून जातं आणि हुंडी आत कोरडी राहते. लावण्याआधी ती बादलीत बुडवून ठेवावी, बुडबुडे थांबले की काढावी आणि कडा बोटांनी हलक्याच मोकळ्या कराव्यात. आपली काळी माती शेतात कापसाला, ज्वारीला उत्तम, पण कुंडीत नको. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. शिवाय वजन. भिजलेली माती लिटरला दीड किलोच्या वर भरते. बारा इंची कुंडीत पंधरा लिटर माती धरली तरी पंचवीस किलोंच्या आसपास जाते. अशा कुंड्या गॅलरीच्या कठड्यावर ठेवणाऱ्यांनी खालून माणसं ये-जा करतात, हे लक्षात ठेवावं.

मग कुंडीत भरायचं काय? त्याचं उत्तर सध्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पोत्यांत भरून ठेवलेलं आहे. फेब्रुवारी संपत आला, बदामाची पानं लाल होऊन गळून गेली, आता कडुनिंब आणि पिंपळ झडताहेत. झाडलोट करणाऱ्या मावशी रोज सकाळी तो पाला गोळा करतात, पोत्यांत भरतात आणि घंटागाडीत चढवतात. पलीकडच्या गल्लीत तर तो पेटवूनच देतात. २०१६च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली, त्याच वर्षी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पाच हजारांचा दंड ठरवला, तरी सकाळी फिरायला निघावं तर धूर आहेच. आणि त्याच दिवशी, त्याच इमारतीत, घरपोच येतात कोकोपीटच्या विटा. नारळाच्या काथ्याचा भुसा दक्षिणेत दाबून विटा करायच्या, ट्रकने इथे आणायच्या आणि आपल्या दारातलं सोन्यासारखं खत ट्रकने गावाबाहेर पाठवायचं. हे बघून मला खरोखर वाईट वाटतं.

हे आपल्याला सांगणारा माणूस याच महाराष्ट्रात होऊन गेला. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर गणिताचे प्राध्यापक होते, आणि 'प्रयोग परिवार' उभा करून त्यांनी साध्या शेतकऱ्यांना स्वतःच्या शेतात प्रयोग करायला, मोजायला आणि एकमेकांना सांगायला शिकवलं. माती विकत आणायची नसते, पाल्यापाचोळ्यातून आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून ती घरीच घडवता येते, हे त्यांनी गच्चीवर बाग करणाऱ्यांनाही दाखवून दिलं. शहरातल्या कितीतरी गच्च्या त्यांच्या विचारावर फुलल्या. २००१ साली ते गेले, पण पद्धत आहे तशी आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत.

वाळका पाला हाताने चुरावा. कडेला भोकं पाडलेल्या जुन्या ड्रममध्ये किंवा विटांच्या वाफ्यात दाबून भरावा. मधूनमधून शेणकाला नाहीतर आंबट ताकाचं पाणी शिंपडावं. पाला पिळून बघितला तर हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये, इतपत ओल ठेवावी. पंधरा दिवसांनी खालवर करावा. तीन-चार महिन्यांत तळाशी काळं, हलकं, पावसाच्या वासाचं खत तयार होतं. आंब्या-फणसाची जाड पानं जास्त वेळ घेतात, ती वेगळी ठेवावीत. या खतात थोडी लाल माती मिसळली की कुंडी हलकी होते, पाणी धरते आणि जास्तीचं सोडूनही देते. पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा उपक्रम पाला देणारे आणि पाला हवा असणारे यांची गाठ घालून देतो. जागा नसणाऱ्यांनी त्यांच्यामार्फत पाला द्यावा, पण घंटागाडीत टाकू नये. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या मागचा कोपरा यासाठी द्यावा, असा अर्ज मी समितीला दिला आहे. घाण होईल, उंदीर येतील, असं उत्तर आलं. नुसत्या वाळक्या पानांवर उंदीर येत नाहीत, ते उष्ट्या अन्नावर येतात. येत्या सभेत हे मी पुन्हा मांडणार आहे आणि त्यानंतरच्याही सभेत मांडेन.

मोगऱ्याच्या छाटणीबद्दल बरीच पत्रं आली आहेत. मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटव्यावर, म्हणून ज्यांची छाटणी राहिली असेल त्यांनी याच आठवड्यात करावी. एक तृतीयांश फांद्या कापा, सुकलेल्या काड्या मुळाशी काढून टाका, वरची दोन इंच माती उकरून खत घाला आणि कुंडी निदान पाच-सहा तास ऊन येईल अशा जागी हलवा. फुटवे दिसेपर्यंत पाणी बेताने द्या, कळ्या दिसल्या की वाढवा. खताचं पोतं विकत घ्यायच्या आधी एकदा खाली उतरा आणि मावशींना विचारून पाल्याचं एक पोतं वर घेऊन या. मेपर्यंत ते निम्म्यावर बसलेलं असेल. पावसाळी रोपांसाठी ते कसं वापरायचं, तेव्हा याच जागी सविस्तर लिहीन.