विश्लेषण : सर्व्हरच्या एका सेटिंगमुळे अख्खी सेवा बंद कशी पडते?

बँकेचे अ‍ॅप उघडत नाही किंवा वेबसाइट तासन् तास ठप्प राहते, तेव्हा ‘तांत्रिक बिघाड’ एवढेच सांगितले जाते. प्रत्यक्षात अनेकदा कोणतेही यंत्र बिघडलेले नसते. सर्व्हरला चुकीचा आदेश गेलेला असतो किंवा आदेश देणाऱ्या टूलची सेटिंग चुकलेली असते. ही सेटिंग नेमकी कुठे असते आणि तिच्यावर इतके काय अवलंबून असते?

सर्व्हर चालवणारे टूल म्हणजे काय?

मोठ्या बँकेत किंवा विमा कंपनीत शेकडो सर्व्हर असतात. प्रत्येकावर जाऊन हाताने बदल करणे शक्य नसते. त्यामुळे आदेशांची यादी, म्हणजे स्क्रिप्ट, लिहून ती एका टूलमार्फत चालवली जाते. आयबीएमच्या ‘वेबस्फिअर’ या सर्व्हर प्रणालीसाठी असलेले ‘डब्ल्यूएसअ‍ॅडमिन’ हे असेच एक टूल. नवे अ‍ॅप्लिकेशन बसवणे, सर्व्हर सुरू किंवा बंद करणे, डेटाबेसची जोडणी बदलणे ही कामे त्यातून होतात.

या टूलची स्वतःची एक साधी मजकूर फाइल असते. तिला ‘प्रॉपर्टीज फाइल’ म्हणतात. कोणत्या सर्व्हरशी जोडायचे, कोणता पोर्ट वापरायचा, स्क्रिप्टची भाषा कोणती, नोंदी कुठे ठेवायच्या, हे त्यात एकेका ओळीत लिहिलेले असते. आदेश देताना सर्व्हरचे नाव सांगितले नाही, तर टूल या फाइलमधले नाव खरे मानते. धोका इथूनच सुरू होतो.

कोणत्या ओळी महत्त्वाच्या?

सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट : वेबस्फिअरमध्ये एकट्या सर्व्हरसाठी साधारणपणे ८८८० हा पोर्ट असतो, तर अनेक सर्व्हरवर देखरेख करणाऱ्या ‘डिप्लॉयमेंट मॅनेजर’साठी ८८७९. आकड्यात फरक एकाचाच. पण पहिल्याचा आवाका एका सर्व्हरपुरता आणि दुसऱ्याचा संपूर्ण समूहावर. पत्त्याच्या ओळीत चाचणीच्या सर्व्हरऐवजी ग्राहक वापरत असलेला सर्व्हर राहून गेला, तर चाचणीसाठी लिहिलेली स्क्रिप्ट थेट ग्राहकांवर चालते.

फाइल कोणती : डब्ल्यूएसअ‍ॅडमिन एकाच जागची सेटिंग वाचत नाही. प्रोफाइलच्या फोल्डरमधली फाइल, वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधली फाइल, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने दाखवलेली फाइल आणि आदेशासोबत दिलेली फाइल या क्रमाने ते वाचत जाते. नंतरची सेटिंग आधीचीवर मात करते. त्यामुळे तीच स्क्रिप्ट दोन कर्मचाऱ्यांच्या खात्यांतून वेगळी वागू शकते.

वेळमर्यादा : उत्तरासाठी किती वेळ थांबायचे, हे जोडणीच्या वेगळ्या फाइलमध्ये असते. तिथे सहसा १८० सेकंद लिहिलेले असतात. मोठे अ‍ॅप्लिकेशन बसायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. अशा वेळी टूल ‘वेळ संपली’ असे सांगते, पण सर्व्हरवर काम सुरूच असू शकते. काम झाले नाही असे समजून तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तर गोंधळ वाढतो.

पासवर्ड : याच जोडणीच्या फाइलमध्ये पासवर्डही ठेवता येतो. त्यासाठी आयबीएमने दिलेली ‘एक्सॉर’ ही नेहमीची पद्धत पासवर्ड झाकते, कुलूपबंद करत नाही. फाइल हाती लागली तर तो सहज उलगडता येतो.

आतापर्यंत काय घडले आहे?

टूल वेगळे असले तरी धडा तोच, हे दोन मोठ्या घटनांतून दिसते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या ‘एस-थ्री’ या साठवण सेवेतले मोजके सर्व्हर बाजूला काढण्यासाठी एक आदेश देण्यात आला. कर्मचाऱ्याला तो अधिकार होता आणि कामाची पद्धतही ठरलेली होती. पण आदेशातली एक नोंद चुकली आणि ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनियामधील सेवा सुमारे चार तास विस्कळीत झाली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या असंख्य वेबसाइट अडकल्या. नंतर अ‍ॅमेझॉनने टूलच बदलले. सर्व्हर हळूहळू निघतील आणि किमान क्षमतेच्या खाली संख्या जाणार नाही, अशी मर्यादा त्यात घातली.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. नेटवर्कची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या आदेशाने कंपनीची डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली. असे आदेश अडवणारी तपासणी यंत्रणा होती, पण तिच्यातच दोष असल्याने तिने हा आदेश अडवला नाही.

भारतात याकडे कसे पाहिले जाते?

रिझर्व्ह बँकेने २४ एप्रिल २०२४ रोजी कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन मार्गाने नवे ग्राहक घेण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली. २०२२ आणि २०२३ च्या तपासणीत आढळलेल्या त्रुटींमध्ये प्रणालीतील बदलांचे व्यवस्थापन आणि कोणाला कोणता प्रवेश आहे याचे नियंत्रण हे मुद्दे होते. निर्बंध फेब्रुवारी २०२५ मध्ये उठले. म्हणजे सेटिंग कोण बदलतो आणि त्याची नोंद राहते का, हा प्रश्न आता केवळ आयटी विभागाचा राहिलेला नाही. त्यावर बँकेचा व्यवसाय अडू शकतो.

उपाय काय?

उपाय महागडे नाहीत. चाचणी आणि प्रत्यक्ष वापर यांच्या फाइल वेगळ्या ठेवायच्या. मूळ फाइलमध्ये ग्राहकांच्या सर्व्हरचा पत्ता कधीच ठेवायचा नाही. तिथे जायचे तर दरवेळी नाव स्पष्ट लिहावे लागले पाहिजे. सेटिंगमधला बदल दुसऱ्याने तपासल्याशिवाय लागू करायचा नाही आणि तोही आधी थोड्या सर्व्हरवर. पासवर्डची फाइल मोजक्यांनाच वाचता आली पाहिजे.

डब्ल्यूएसअ‍ॅडमिनमध्ये एक ब्रेक आधीच आहे. सर्व्हरच्या रचनेतला बदल ‘सेव्ह’ केल्याशिवाय पक्का होत नाही. मात्र चालू सर्व्हर बंद करण्याचा आदेश लगेच अमलात येतो. ती उणीव संस्थेनेच भरून काढायची असते.

मोठ्या बिघाडानंतर ‘मानवी चूक’ हे कारण पुढे येते. माणसाकडून टंकलेखनात चूक होणारच. ती चूक एका सर्व्हरवर थांबणार की लाखो ग्राहकांपर्यंत पोहोचणार, हे टूलच्या सेटिंगमध्ये आधीच ठरलेले असते. त्यामुळे पुढच्या वेळी ‘मानवी चूक’ ऐकल्यावर चूक कोणी केली यापेक्षा ती कुठेच का अडली नाही, हे विचारायला हवे.