चोर मोकळा, पहारेकऱ्याला फाशी

कर्नलमधली मेमरीची तपासणी बोंब मारू लागली की आपल्याकडचे बरेच इंजिनिअर पहिला हात घालतात तो तपासणीलाच. बूट लाइनमधला स्लब-डीबगचा पर्याय उडवला जातो, लॉग शांत होतो आणि तिकीट ‘रिझॉल्व्ह्ड’ म्हणून बंद होतं. बग मात्र जिथल्या तिथे. याला मी डीबगिंग म्हणत नाही. हे पुरावा नष्ट करणं आहे, आणि करणाऱ्याला ते तोंडावर सांगायला हवं.

ही तपासणी नेमकं काय करते ते बघा. ड्रायव्हरने लिनक्सकडे १०० बाइट मागितले, तर स्लब अ‍ॅलोकेटर त्याला १२८ बाइटांच्या कॅशेतला तुकडा देतो. डीबग चालू असेल तर तुकड्याच्या कडेला रेडझोन आखून त्यात ठरलेली खूण भरली जाते. तुकडा परत आला की तो ‘६बी’ या बाइटने भरून टाकतात. पुढच्या तपासणीत ६बीच्या जागी दुसरं काही सापडलं, तर सोडून दिलेल्या मेमरीत कुणीतरी लिहिलंय हे सिद्ध झालं. लॉगमध्ये ‘पॉयझन ओव्हररिटन’ उमटतं आणि माग ठेवण्याचा पर्याय चालू असेल, तर तुकडा कुणी घेतला आणि कुणी सोडला तेही खाली येतं. एवढा पंचनामा आयता हातात मिळतो, आणि आम्ही तो फाडून टाकतो.

याच अहवालाच्या शेवटी ‘फिक्स’ या शब्दाने सुरू होणारी एक ओळ असते. कर्नलने बिघडलेली खूण पुन्हा भरली आणि काम पुढे चालू ठेवलं, एवढाच तिचा अर्थ. ती ओळ दाखवून ‘कर्नल स्वतःच दुरुस्त करतो’ असं सांगणारे वरिष्ठ मी पाहिले आहेत. ज्या कोडने दुसऱ्याच्या मेमरीत लिहिलं, तो कोड पुढच्या क्षणी पुन्हा तेच करायला मोकळाच असतो.

तपासणी चुकत नाही, असं मी म्हणत नाही. वरच्याच उदाहरणात १०० बाइट मागणाऱ्याने १०१व्या बाइटवर लिहिलं, तर स्लबचा रेडझोन कित्येक वर्षं गप्प बसत असे, कारण पहारा १२८ बाइटांनंतर सुरू होई. मधले २८ बाइट बेवारस होते. पहारा अलीकडे आणणंही सोपं नव्हतं. के-साइझ हे फंक्शन तुकड्याचा खरा आकार सांगायचं, आणि कर्नलमधलेच काही भाग त्या भरवशावर न मागितलेली जागाही वापरायचे. रेडझोन नुसता पुढे ओढला असता, तर या भागांवर खोट्या तक्रारींचा पाऊस पडला असता. मग काहींनी चिकाटीने ते भाग एकेक करून दुरुस्त केले: जेवढी जागा लागते तेवढी आधीच मागा, नंतर हात पसरू नका. त्यानंतर २०२३च्या फेब्रुवारीत आलेल्या ६.२ आवृत्तीत रेडझोन मागितलेल्या आकाराला येऊन भिडला. तपासणी दुरुस्त करायची ती अशी. या कामाला ना टाळ्या मिळतात ना बढती, म्हणूनच ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

आता सबबी. पहिली म्हणजे ‘सिस्टिम मंदावते’. कर्नलमधला केसॅन हा मेमरीचा जास्त कडक तपासनीस प्रत्येक आठ बाइटांमागे एक बाइट हिशेबासाठी खातो आणि वेगही मारतो, हे खरं. त्याची जागा टेस्ट लॅबमध्ये आहे. तिथेसुद्धा तो बंद ठेवणाऱ्यांनी वेगाचं कारण सांगू नये. आणि ग्राहकाच्या मशीनसाठी २०२१च्या ५.१२ आवृत्तीपासून केफेन्स हा हलका तपासनीस आहे. तो सगळ्या मागण्या तपासत नाही, अधूनमधून एखादी उचलतो. मूळ मांडणीत २५५ तुकडे, साधारण दोन एमबी मेमरी. एवढंही परवडत नाही म्हणणाऱ्याला खर्चाची काळजी नाही, सापडण्याची भीती आहे.

दुसरी सबब: ‘हा कोड वर्षानुवर्षं चालतोय’. लिनक्सच्या नेटफिल्टरमध्ये २००६ साली शिरलेला, हद्दीबाहेर लिहिणारा बग २०२१मध्ये उघड झाला. हद्दीबाहेर जाणारे बाइट मोजकेच होते, आणि तेवढ्यावर साध्या वापरकर्त्याला रूटचे अधिकार मिळवता येत होते. पंधरा वर्षं चाललेला कोड पंधरा वर्षं चुकीचाच होता. आणि हद्दीबाहेरच्या मेमरीची किंमत काय, ते १९ जुलै २०२४ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइकच्या विंडोज ड्रायव्हरकडे २० मूल्यं होती, त्याने एकविसावं वाचायला हात घातला. सुमारे ८५ लाख संगणक कोसळले, आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले.

पुण्यातल्या एका कंपनीत डेमोच्या आधी डीबग पर्याय काढायला मी विरोध केला, तेव्हा ‘आधी रिलीज, मग बघू’ असं ऐकवलं गेलं. ते ‘मग’ कधीच उजाडलं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तपासणी बंद करणारा पॅच आला, तर रिव्ह्यू करणाऱ्याने एकच प्रश्न विचारावा: तपासणी चुकीची आहे, हे सिद्ध केलंत का? केलं असेल तर तपासणी दुरुस्त करून आणा. केलं नसेल तर बग शोधा. तिसऱ्या वाटेने आलेला पॅच परत पाठवा, मग तो पाठवणारा टीम लीड असो की कंपनीचा मालक.