मुदत नसलेले वचन

अण्वस्त्रप्रसारबंदी करार १९७० मध्ये अंमलात आला, तो मुळात एक सौदा होता. अण्वस्त्रे नसलेल्या राष्ट्रांनी ती कधीही न मिळविण्याचे बंधन पत्करावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात अण्वस्त्रधारी राष्ट्रांनी निःशस्त्रीकरणासाठी सद्भावनेने वाटाघाटी करावयाच्या. पहिल्या बंधनावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक पहारा ठेवतात. दुसऱ्याला मात्र ना मुदत, ना आकडा, ना तपासणी. फेडीची तारीख नसलेल्या कर्जरोख्याची व्यवहारात काय किंमत असते, हे सांगावयास नको. त्यातच १९९५ मध्ये हा करार कायमचा करण्यात आला आणि धनकोच्या हातातील तगाद्याचे साधनही गेले.

मुदत घातली की शस्त्रे खरोखरच नष्ट होतात, याला इतिहासाची साक्ष आहे. १९८७ मध्ये रेगन व गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांविषयी जो करार केला, त्यात संख्या, कालावधी व परस्परांच्या तळांची पाहणी हे सारे स्पष्ट होते. परिणामी १९९१ च्या जूनपर्यंत दोन्ही बाजूंची मिळून २,६९२ क्षेपणास्त्रे मोडीत निघाली.

बड्या राष्ट्रांची इच्छा नसेल तर काटेकोर करारही टिकत नाहीत, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो खोटा नाही. रशियावर करारभंगाचा ठपका ठेवून अमेरिका २०१९ मध्ये याच करारातून बाहेर पडली. सामरिक अस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या २०१० च्या कराराची मुदतही फेब्रुवारी २०२६ मध्ये संपली. तथापि, काटेकोर करार मोडणाऱ्याला तो जगासमोर मोडावा लागतो; मोघम करार न मोडताही निष्फळ ठेवता येतो. हा फरक लहान नव्हे.

२०१० पर्यंत अण्वस्त्रे टप्प्याटप्प्याने नष्ट करण्याचा आराखडा राजीव गांधी यांनी १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला होता. बड्या राष्ट्रांनी तो मनावर घेतला नाही, आणि दहा वर्षांनी भारतानेच पोखरण येथे चाचण्या करून अण्वस्त्रधारी राष्ट्रांच्या पंक्तीत पाऊल टाकले. त्यामुळे त्या आराखड्यामागील नैतिक अधिकार उणावला. त्यातील तर्क मात्र उणावलेला नाही. सद्भावनेची नवी ग्वाही जगाला नको आहे. तारीख, आकडा आणि तपासणी यांवाचून केलेले निःशस्त्रीकरणाचे प्रत्येक वचन हे शस्त्रे राखण्याचाच परवाना ठरते, हे ओळखून अण्वस्त्रहीन राष्ट्रांनी यापुढे आपली मागणी नेमक्या शब्दांत मांडली पाहिजे. भारताने त्यांची बाजू घ्यावयाची तर आधी स्वतःला तोच नियम लावून घेण्याची तयारी दाखविली पाहिजे.