तबकड्या घरात, यंत्र भंगारात

विशेष प्रतिनिधी

मोरगाव : 'सुखकर्ता दुःखहर्ता' ही आरती समर्थ रामदासांना मोरगावच्या मयूरेश्वरासमोर स्फुरली, अशी परंपरेने चालत आलेली श्रद्धा आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत असलेल्या या आरतीची आज घरोघरी ऐकू येणारी चाल मात्र लता मंगेशकर यांच्या ध्वनिमुद्रिकेने मोठ्या प्रमाणावर रुजविली. कऱ्हेकाठच्या गावातून निघालेले शब्द अशा रीतीने काळ्या तबकडीवर बसून पुन्हा याच गावात आले आणि मंडपावरच्या कर्ण्यातून घुमू लागले. गेल्या महिन्यात मोरगावातील एका घरात तीच तबकडी कित्येक वर्षांनी फिरली, तेव्हा घरातील वृद्ध गृहिणीने पहिल्याच ओळीला मान हलविली. "अरे, आवाज बसलाय. लताबाईंचा आवाज असा नव्हता," असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते.

हे घर प्रस्तुत प्रतिनिधीचे आजोळ. दिवंगत मामांचा पंचक्रोशीत मंडप आणि लाउडस्पीकर पुरविण्याचा व्यवसाय होता. लग्नसराई, जत्रा आणि भाद्रपद-माघातील उत्सव हा त्यांचा हंगाम. कॅसेट आली, पुढे सीडी आली, तसा रेकॉर्ड प्लेअर माळ्यावर गेला आणि तिथून भंगारात. रेकॉर्ड मात्र मामींनी टाकू दिल्या नाहीत. पत्र्याच्या दोन ट्रंकांमध्ये त्या उभ्या रचून ठेवलेल्या होत्या. आरत्या, भक्तिगीते, शाहीर साबळे यांचे लोकसंगीत, 'पिंजरा' आणि 'सोंगाड्या'ची गाणी, 'अष्टविनायक' या १९७९ च्या चित्रपटाची गाणी आणि तळाशी लाखेच्या जड, ठिसूळ अशा जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या. पुण्यातील एका विक्रेत्याकडून घेतलेले १९७० च्या दशकातील जपानी टर्नटेबल या ट्रंकांपाशी आणून ठेवले, तेव्हा संध्याकाळपर्यंत गाणी सुरू होतील, असा समज होता. प्रत्यक्षात त्याला तीन आठवडे लागले. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या जतनाचा प्रश्न नेमका कुठे अडला आहे, याचे उत्तर त्या तीन आठवड्यांत मिळाले.

फॅशन परतली, पण कोणाची?

तबकड्यांचा बाजार पुन्हा तेजीत आहे, ही आता नवी बातमी राहिलेली नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये विकल्या गेलेल्या व्हिनाइल रेकॉर्डची संख्या १९८७ नंतर प्रथमच सीडींपेक्षा जास्त भरली. २०१० मध्ये बंद केलेले 'टेक्निक्स'चे नावाजलेले टर्नटेबल कंपनीला २०१६ मध्ये पुन्हा बाजारात आणावे लागले. आपल्याकडे १९९० च्या दशकात थांबलेली रेकॉर्डची छपाई २०२४ मध्ये मुंबईत पुन्हा सुरू झाली. पुण्या-मुंबईच्या कॉफीगृहांतून आणि दिवाणखान्यांतून टर्नटेबल दिसू लागले आहे.

या पुनरागमनाकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. काहींना ती स्मरणरंजनाची हौस वाटते, तर काहींना ध्वनीच्या गुणवत्तेचा ध्यास. दोन्हींत तथ्य आहे. पण दोन्ही दृष्टी ग्राहकाच्या आहेत. तालुक्याच्या गावी ट्रंकेत पडलेल्या तबकड्यांच्या बाजूने पाहिले, तर टर्नटेबल हे सर्वप्रथम वाचनाचे साधन ठरते. मोडी लिपीतील दप्तर वाचणारा माणूस गावात उरला नाही, की दप्तर असून नसल्यासारखे होते. रेकॉर्डचेही तसेच आहे. ती डोळ्यांना वाचता येत नाही. तिची खाच वाचणारी सुई, त्या सुईला योग्य वजन देणारी दांडी आणि अचूक वेगाने फिरणारी थाळी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याखेरीज ती मुकी राहते.

आवाज का बसला?

मामींच्या तक्रारीचे कारण विजेत होते. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. विक्रेत्याने सोबत ट्रान्सफॉर्मर दिला आणि "लावा आणि ऐका," असे सांगितले. परंतु ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवितो. विजेची वारंवारिता तो बदलू शकत नाही. जपानच्या पूर्व भागात ५० हर्ट्‌झ, तर पश्चिम भागात ६० हर्ट्‌झची वीज असते. आमच्या यंत्राच्या मोटारीवर ६० हर्ट्‌झसाठीची कप्पी होती. अशा जुन्या मोटारी व्होल्टेजवर नव्हे, वारंवारितेवर वेग ठरवितात. गावाकडे व्होल्टेज थोडे वर-खाली झाले तरी गाणे डळमळत नाही, हा त्याचा फायदा. ५० हर्ट्‌झवर मात्र ती मोटार नेमकी पाच षष्ठांश वेगाने फिरते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या अपेक्षित असलेली तबकडी २८ फेऱ्याही घेत नाही. सहास पाच हे गुणोत्तर म्हणजे कोमल गांधार आणि षड्‌ज यांतील अंतर. लताबाईंचा स्वर तेवढा खाली उतरला होता आणि चाल मंदावली होती. ज्याने मूळ गाणे ऐकलेलेच नाही, त्याला हा दोष कळला नसता. अशा यंत्रावरून कोणी घाईने संगणकावर उतरवून घेतले असते, तर चुकीचा स्वर हाच पुढे मूळ म्हणून चालला असता.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लेथवाल्याने जुन्या कप्पीच्या सव्वापटीला किंचित कमी, म्हणजे १.२ पट व्यासाची पितळेची कप्पी कातून दिली. वेग तपासण्यासाठी १८० रेघांची कागदी चकती थाळीवर ठेवतात. ५० हर्ट्‌झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो आणि वेग बरोबर असेल, तर या रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. नव्या एलईडी दिव्याखाली त्या नीट दिसेनात. अखेर गोठ्यातली, जुन्या चोकची ट्यूबलाइट आणून लावावी लागली. तिच्या उजेडात रेघा स्थिर झाल्या.

पुढची कामे तुलनेने सोपी, पण चिकाटीची होती. थाळी पाणसळीने समतल करणे, ताणून सैल पडलेला रबरी पट्टा बदलणे, दांडीच्या मागच्या वजनाने सुईचा भार दोन ग्रॅमच्या आसपास आणणे. टर्नटेबल आधी माडीवर ठेवले होते. तिथे लाकडी तक्तपोशीवर कोणी चालले, की सुई उडे. ते खाली, भिंतीतल्या दगडी फळीवर आणले. स्पीकरला जोडल्यावर आवाज किरटा आणि क्षीण येऊ लागला, त्याचेही कारण होते. रेकॉर्ड कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि टिपेचे उचललेले असतात. ते पूर्ववत करणारा व सुईतून निघणारा काही मिलिव्होल्टचा संकेत वाढविणारा फोनो प्रवर्धक मध्ये लागतो.

लाखेच्या तबकड्यांची गोष्ट आणखी वेगळी. एलपीच्या सुईचे टोक मिलिमीटरचे सुमारे १८ सहस्रांश असते, तर ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डला सुमारे ७५ सहस्रांशाचे टोक लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन केवळ खरखर उचलते. याउलट, शोभेच्या भोंग्याच्या ग्रामोफोनवर एलपी लावली, तर त्याची जड दांडी आणि पोलादी सुई खाच खरवडून टाकते. सफाईतही तोच भेद आहे. व्हिनाइलला ऊर्ध्वपातित पाणी आणि सौम्य साबण चालतो; लाखेला मद्यार्क लागला, तर ती विरघळते. मोरगावचा प्रदेश पर्जन्यछायेतला असल्याने बुरशी कमी लागली होती. पत्र्याखालच्या उन्हाळ्याने मात्र काही एलपी वाकविल्या होत्या. कोकणातल्या घरांत नेमके उलटे आढळेल.

मालकी कोणाची, जबाबदारी कोणाची?

या साऱ्या खटाटोपातून एक प्रश्न उभा राहतो. हे काम एका घराने हौसेने केले. समाजाने त्याची काय व्यवस्था केली आहे?

फ्रेडरिक गायसबर्ग यांनी १९०२ मध्ये कोलकात्यात भारतातील ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ केला. त्यानंतरच्या अर्धशतकात मराठी नाट्यपदे, लावण्या, पोवाडे, कीर्तने आणि ख्याल यांचा मोठा ठेवा लाखेच्या तबकड्यांवर आला. ग्रामोफोन कंपनीचे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'एचएमव्ही'चे, २००० मध्ये 'सारेगामा' असे नामांतर झाले. तिने आपल्या संग्रहाचा मोठा भाग डिजिटल स्वरूपात आणला, २०१७ मध्ये 'कारवां' घराघरांत पोहोचविले. मात्र कंपनी कोणतीही असो, जे खपते ते आधी पुढे येणार, हे व्यापाराला धरूनच आहे. मुंबईची 'यंग इंडिया' किंवा जर्मनीची 'ओडियन' यांसारख्या छापांचा इथला कारभार तर केव्हाच आटोपला. त्यांच्या बाबतीत एखाद्या घरात उरलेली तबकडी हीच अनेकदा मूळ प्रत ठरते.

पुस्तकाबाबत अशी वेळ येऊ नये, म्हणून १९५४ चा कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना द्यावी लागते. ध्वनिमुद्रिकांना तो लागू नाही. चित्रपटांसाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. ध्वनिमुद्रिकांचा भार मात्र प्रामुख्याने खासगी संग्राहकांनी आणि त्यांच्या संस्थांनी वाहिला.

जतनाच्या आड प्रतिअधिकार येतो, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. १९५७ च्या प्रतिअधिकार कायद्यान्वये ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे संरक्षण मिळते. म्हणजे १९६५ मध्ये निघालेल्या रेकॉर्डचे संरक्षण २०२५ च्या अखेरीस संपते. गीत आणि संगीत यांचे हक्क मात्र स्वतंत्र असून ते रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे चालतात. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये निवर्तले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. त्यामुळे जुनी रेकॉर्ड मिळाली, म्हणून ती इंटरनेटवर टाकण्याची मोकळीक कोणालाही नाही. परंतु जतन ही निराळी गोष्ट आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळील कृतीची जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवण्याची मुभा दिली आहे. अडचण कायद्यापेक्षा सोयीची आहे. तालुक्याच्या ग्रंथालयात रेकॉर्ड देऊ केल्या, तर त्या ठेवून घ्यायला कपाट मिळेल. त्या वाजविणार कशावर?

एक यंत्र, दोन सुया, एक वही

अमेरिकेच्या नासा संस्थेने १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठविली. तीत केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. तबकडीबरोबर सुई आणि कार्ट्रिजही पाठविले गेले, आणि ती कोणत्या वेगाने फिरवायची, याच्या खुणा आवरणावर कोरल्या गेल्या. यंत्र आणि वेग यांवाचून तबकडी निरुपयोगी आहे, हे परग्रहवासीयांसाठी लक्षात ठेवले गेले. आपल्या नातवंडांसाठी आपण ते विसरलो आहोत.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतरची चर्चा ग्रंथ, शिलालेख आणि ताम्रपट यांभोवती फिरते आहे आणि ते योग्यच आहे. पण भाषा कशी उच्चारली गेली, पोवाड्याचा आवेश कसा होता, हे लिखित पुराव्यातून कळत नाही. राज्यात १९६७ च्या कायद्याने उभी राहिलेली सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था आहे. प्रत्येक तालुक्यात एका मान्यताप्राप्त ग्रंथालयाला एक नीट जुळविलेले टर्नटेबल, दोन प्रकारच्या सुया, एक संगणक आणि नोंदवही मिळाली, तरी कामाला सुरुवात होईल. पहिली पायरी तर याहूनही स्वस्त आहे. कोणाच्या घरी काय आहे, त्याची यादी. तबकडीवरचा क्रमांक, गायकाचे नाव, कंपनी आणि अवस्था एवढे टिपायला यंत्रही लागत नाही. घर बदलताना किंवा वाटण्या होताना ट्रंक भंगारात जाण्यापूर्वी ही यादी झाली पाहिजे. ज्यांनी ही गाणी त्यांच्या काळात ऐकली आणि स्वर बसला की ज्यांना लगेच कळते, ते कानही आता वयोवृद्ध झाले आहेत.

मोरगावात नवी कप्पी बसल्यावर आरतीची रेकॉर्ड पुन्हा लावली. "मामी, आता कसं वाटतंय?" या प्रश्नाला उत्तर आले नाही. आरती संपेपर्यंत त्या हात जोडून उभ्या होत्या. मग ट्रंकेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तळाच्या त्या जड रेकॉर्डी यांनीसुद्धा कधी लावल्या नाहीत. त्यांत काय आहे, ते बघ." त्यांच्यासाठी लागणारी जाड सुई मागविली आहे. लेबले उडालेल्या त्या तबकड्यांवर कोणाचा आवाज आहे, हे ती आल्याशिवाय कळणार नाही.