दोन कमानींमधला हिशेब

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी रात्री मी पुण्याहून ठाण्याला निघालो होतो. पाऊस थांबलेला, बोरघाटाचा उतार मोकळा, काटा पंच्याऐंशीच्या आसपास. पुढे काही दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला, दोन हजार रुपये भरा. माझ्या तोंडून निघालं ते सगळ्यांच्याच तोंडून निघतं, "लुटालूट चाललीय नुसती." घाटात मोटारीला मर्यादा ६०ची आहे हे मला निघण्याआधीपासून ठाऊक होतं, ही गोष्ट मात्र मी दोन दिवस बायकोलाही सांगितली नाही.

तेव्हा या विषयावर मी बोलतो आहे तो दंड भरलेला माणूस म्हणून.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४पासून नवी वाहतूक नियंत्रण यंत्रणा सुरू झाली आणि गाडीवाल्यांच्या गप्पांना नवा विषय मिळाला. रस्त्यावर कमानी आहेत. पहिल्या कमानीखालून गेलात की कॅमेरा नंबरप्लेट वाचून वेळ टिपतो, पुढच्या कमानीखाली पुन्हा टिपतो. मधलं अंतर भागिले लागलेला वेळ, एवढंच. इयत्ता सातवीचं गणित. पण लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत या भागाकाराइतका बदनाम भागाकार दुसरा नसेल.

सगळ्यात मोठा आक्षेप 'सरासरी' या शब्दावरच आहे. "मी आपला शंभरनेच चाललो होतो हो, एका टँकरला ओव्हरटेक करायला जरा पाय दाबला, तर लगेच चलान!" हे मी किमान दहा जणांकडून ऐकलं आहे, आणि हे सपशेल चूक आहे. हिशेब करून बघा. दोन कमानींत दहा किलोमीटरचं अंतर आहे असं धरू. शंभरच्या वेगाने ते कापायला सहा मिनिटं लागतात. आता टँकरसाठी तुम्ही त्यातला एक अख्खा किलोमीटर १२०ने गेलात आणि उरलेले नऊ ९८ने, तरी सरासरी शंभराच्या आतच येते. म्हणजे ज्या क्षणभराच्या चुकीसाठी आपण गळा काढतो, नेमकी तीच चूक ही यंत्रणा पोटात घालते. उलट सरासरी ११० निघाली, तर वाटेत कुठेतरी तुम्ही ११०ला होतात किंवा त्याच्याही वर होतात. याला साक्षीदार लागत नाही. शिवाय मोटारीचा काटा मुळात थोडा जास्तच वेग दाखवतो, खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायची त्याला परवानगीच नसते. काट्यावर शंभर दिसतात तेव्हा गाडी सहसा पंच्याण्णवच्या आसपास असते. एवढ्या सवलती खिशात घेऊन जो पकडला जातो, त्याचा पाय 'जरा' दाबलेला नसतो.

यापेक्षा एका जागी उभा असलेला कॅमेरा किंवा झुडपाआडची स्पीडगन बरी, असं कुणाला वाटत असेल तर त्याने तिथलं दृश्य आठवावं. मोबाइलमधली बाई बोलते, शेजारी बसलेला ओरडतो, "कॅमेरा!", आणि ताशी १३०ने धावणाऱ्या रांगेतले ब्रेकचे लाल दिवे एकामागून एक पेटत जातात. मागच्याचं नशीब. दोनशे मीटर सज्जनपणा, की पुन्हा १३०. दोन कमानींच्या मध्ये हे नाटक चालत नाही. त्यावरही आपल्या लोकांनी तोड काढलीच आहे म्हणा. माझा एक मित्र सांगतो, आधी पिटाळायची आणि मग फूड मॉलला चहा-वडा घेऊन सरासरी खाली आणायची. मी त्याला म्हटलं, अरे, शंभरने आला असतास तरी चहाच्या वेळेलाच पोचला असतास.

दुसरा आक्षेप, "रस्ता १२०चा आहे, मग मर्यादा शंभराची का?" केंद्राने २०१८ साली द्रुतगती मार्गांवर मोटारींना १२०पर्यंत मुभा दिली हे खरं. पण ती कमाल मर्यादा आहे, राज्याला त्याखाली ठेवण्याचा अधिकार आहे. आणि १२०ने मिळणार काय? हा रस्ता साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. न थांबता शंभरने ५७ मिनिटं, १२०ने ४७. वाचली नऊ-साडेनऊ मिनिटं, तीही घाट आणि टोलनाका नाहीतच असं समजून. या मिनिटांसाठी धडकेच्या वेळची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. पुन्हा या रस्त्यावर एकट्या मोटारी नाहीत. घाट चढणारा लादलेला ट्रक चाळिशीदेखील गाठत नाही. त्याच्या मागून येणाऱ्याला मधलं अंतर किती झपाट्याने संपतं याचा अंदाज येत नाही, रात्री तर नाहीच.

"पण मारतात ट्रकवाले, आणि दंड आम्हाला!" या तक्रारीत तथ्य आहे. तिसऱ्या लेनमध्ये ठाण मांडून बसलेला कंटेनर आणि कडेला दिवे न लावता उभा केलेला ट्रक, दोन्ही जीवघेणे. वेग हेच एकमेव कारण असं म्हणणारा या रस्त्याला ओळखत नाही. २०१६ साली इथे १५१ माणसं गेली. त्यानंतर सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी मिळून कठडे, दुभाजक, धोक्याच्या जागा यांवर काम केलं आणि २०१९पर्यंत आकडा शंभराच्या खाली आला. याच रस्त्यावर आपण २००१मध्ये अभिनेत्री भक्ती बर्वे गमावल्या, २०१२मध्ये अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे, २०२२मध्ये राजकीय नेते विनायक मेटे. प्रत्येक अपघाताची कहाणी निराळी, सगळे वेगाचे बळी असं मी म्हणणार नाही. पण ट्रक अचानक लेन कापणार हे आपण इतक्या खात्रीने सांगतो, तर आपला वेग कमी हवा की जास्त?

राहिला वसुलीचा आरोप. इंग्लंडमधले गाडीवाले हेच म्हणत आले आहेत. तिथला एम-१ मोटरवे १९५९ साली खुला झाला तेव्हा त्यावर वेगमर्यादाच नव्हती. डिसेंबर १९६५मध्ये ताशी ७० मैलांची मर्यादा प्रयोग म्हणून आली, १९६७मध्ये कायम झाली, आणि तिच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. पण सरासरी वेगाच्या कॅमेऱ्यांचा अभ्यास २०१६मध्ये कुणी प्रसिद्ध करावा? आरएसी फाउंडेशनने, म्हणजे मोटारवाल्यांच्याच परंपरेतून निघालेल्या संस्थेने. निष्कर्ष असा, की जिथे हे कॅमेरे कायमचे बसले तिथे मृत्यूचे आणि गंभीर दुखापतींचे अपघात सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. सरकारला गल्लाच भरायचा असता तर त्याने यंत्र लपवलं असतं. मैलभरावरून दिसणाऱ्या लोखंडी कमानी उभारून कुणी खिसा कापत नाही.

इथपर्यंत मी सरकारची वकिली केली. पण वसुलीचा संशय हवेतून आलेला नाही. शंभरचा रस्ता कुठे साठचा होतो हे सांगणारी पाटी ट्रकच्या आड गेली की दिसत नाही. एका फेरीत दोन-तीन चलानं लागलेली माणसं आहेत, पहिलं कळेपर्यंत तिसरं झालेलं असतं. २०२१मध्ये मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा, यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नवं करायला हवं आणि गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवायला हवी, असं त्यात लिहिलेलं आहे. आपण मात्र भांडतो ते कॅमेरा काढा म्हणून, किंवा थकलेली चलानं माफ करा म्हणून. या नियमाचं नाव पंगतीत मी एकदाही ऐकलेलं नाही.

माझ्या मते मागणी एकच करावी, आणि ती लावून धरावी. प्रत्येक चलानवर पहिल्या कमानीची वेळ, दुसऱ्या कमानीची वेळ आणि मधलं अंतर ठळक छापा, म्हणजे ज्याला शंका असेल तो भागाकार स्वतः करील. पुढचं चलान आलं तर पैसे भरण्याआधी, आणि शिव्या घालण्याआधीही, आधी तारीख बघा आणि पंधरा दिवस मोजा. दिवस जास्त भरले तर लेखी हरकत घ्या. कमी भरले आणि भागाकारही बरोबर निघाला, तर भरून टाका. मी माझे दोन हजार भरले आहेत.