टीबीची औषधे घेणाऱ्यांनो, तुमचे म्हणणे आत्ताच नोंदवा

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीला आपल्याकडे सगळे एमडीआर म्हणतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत या रुग्णांना महिनोन्‌महिने कानामायसिनची सुई घ्यावी लागे. काहींच्या कानात आधी घूं असा आवाज सुरू व्हायचा, मग समोरच्याचे ओठ हलताना दिसायचे आणि शब्द पोचायचे नाहीत. गेलेले कान परत येत नाहीत. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांची श्रवणशक्ती टीबीच्या उपचारांत अशीच गेली.

ही सुई कानांवर उठते, हे वैद्यकाला कितीतरी आधीपासून ठाऊक होते. तरीही कानामायसिन वापरू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले ते २०१८ मध्ये. जीव वाचतोय ना, मग कानांचे काय, असा हिशेब इतकी वर्षे चालला. तो मांडणाऱ्यांत कान गमावलेली माणसे किती होती?

रुग्णाला यातले काय कळते, असे अजूनही म्हटले जाते. याच दोघींनी २०१९ मध्ये बेडाक्विलिन या टीबीच्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून भारतीय पेटंट कार्यालयात हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये औषध बनवणाऱ्या कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. रुग्णाला पुष्कळ कळते.

आज हे तातडीने लिहिण्याचे कारण वेगळे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने एमडीआरसाठी सहा महिन्यांच्या नव्या उपचाराला मान्यता दिली. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही त्यातली औषधे. सुई नाही, दीड-दोन वर्षांची फरफट नाही. हा उपचार चांगला आहे आणि तो गावोगाव पोचलाच पाहिजे.

पण लिनेझोलिडने पायांच्या नसांना इजा होऊ शकते. मुंग्या येतात, तळवे जळजळतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम मात्रा होती आणि १०९ पैकी ८१ टक्के रुग्णांना हा त्रास झाला. पुढच्या चाचणीत मात्रा ६०० वर आणली, तेव्हा सहा महिने औषध घेणाऱ्यांत तो २४ टक्क्यांवर आला आणि गुणही टिकून राहिला. मुंग्या एक्स-रेत दिसत नाहीत. रुग्णाने सांगितल्या, कुणीतरी त्या लिहून घेतल्या, म्हणून मात्रा बदलली. नियम असेच सुधारतात.

म्हणून, औषध चालू असलेल्यांनो, पाय बधिर वाटले, दृष्टी अंधुक झाली तर लगेच दवाखान्यात सांगा. मनाने गोळ्या बंद करू नका, पण त्रास कागदावर नोंदवल्याशिवाय परतूही नका. दुष्परिणाम कळवण्याचा सरकारी अर्ज मराठीतही मिळतो आणि १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णाला स्वतः तक्रार देता येते. रुग्णाला जमत नसेल तर घरच्यांनी द्यावी. आशाताईंनी विचारावे. लग्न मोडेल या भीतीने आजार लपवणाऱ्या मुली आपणहून बोलणार नाहीत, त्यांना एकांतात विचारावे.

राज्याच्या आरोग्य विभागाला, डॉक्टरांच्या संघटनांना आणि उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे लिहिणाऱ्या प्रत्येक समितीला आमची मागणी आहे: रुग्णांना सुरुवातीपासून बैठकीत बसवा. मसुदा छापून झाल्यावर सहीपुरते बोलावू नका. ब्रिटनमध्ये नाइस ही संस्था अशी तत्त्वे ठरवते, तिच्या समित्यांवर रुग्णांची आणि सामान्यांची बाजू मांडणारे किमान दोन सदस्य असतात. आपल्याकडेही तितके तरी हवेत. त्यांना मत देण्याचा हक्क हवा, कागद मराठीत हवेत आणि बुडालेल्या रोजंदारीसह एसटीचे भाडे हवे. हे नसेल तर बैठकीला तोच येईल ज्याला येणे परवडते, आणि टीबी बहुधा त्याच्या घरी नसतो.

जिल्हा पातळीवर टीबी फोरम असावा आणि त्यात टीबीतून बरे झालेल्यांना जागा असावी, हे सरकारचेच धोरण आहे. तुमच्या जिल्ह्यात तो आहे का, त्याची पुढची बैठक केव्हा आहे आणि त्यात रुग्ण कोण आहेत, हे तिन्ही प्रश्न याच आठवड्यात जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना लेखी विचारा.