स्पर्शगंधाच्या बागा आणि दुपारचे कुलूप

नागपुरात सुमारे १२ कोटी रुपये खर्चून ९० हजार चौरस फुटांवर दिव्यांगांसाठी ‘अनुभूती’ नावाचे उद्यान उभारण्यात येत असल्याची घोषणा केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जानेवारी २०२३ मध्ये केली. स्पर्श आणि गंध यांची बाग हा त्या योजनेचा एक भाग होता. ‘सेन्सरी गार्डन’ या नावाने ओळखली जाणारी ही कल्पना सरकारी घोषणेपर्यंत पोहोचली, हे स्वागतार्हच होय. मात्र तिचा खर्च आणि लाभ कोणत्या वहीत मांडावयाचे, हा प्रश्न उरतोच.

कल्पना तशी जुनी आहे. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन वनस्पती उद्यानात १९५५ सालीच अंधांसाठी सुगंधी बाग करण्यात आली. तेथील वाफे जमिनीपासून उंच बांधलेले आहेत आणि पाट्या ब्रेल लिपीतही आहेत. चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला त्यामुळे न वाकता पान चुरगाळून हुंगता येते.

अशा बागांनी आजार बरे होतात काय? येथे उत्साहाला आवर घालणे इष्ट. रॉजर अल्रिच यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, त्यांचा रुग्णालयातील मुक्काम सरासरी ७.९६ दिवसांचा होता; समोर विटांची भिंत असणाऱ्यांचा ८.७० दिवसांचा. पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. परंतु हे रुग्ण अवघे ४६ होते आणि ते झाडे केवळ पाहत होते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अस्वस्थता बागेमुळे कमी होते, असे संकेत मिळतात. पुरावा मात्र तुटपुंजा आहे. तेव्हा ‘उपचार’ हा शब्द जपून वापरावा. किंबहुना त्याची गरजच काय? डोळस नागरिक बागेत फिरावयास जातो, तेव्हा त्याच्याकडे कोणी वैद्यकीय दाखला मागत नाही. निखळ विरंगुळा हेही पुरेसे समर्थन आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती होत्या; त्यांनाही तो हवा असणारच.

प्रश्न आहे तो साधनांच्या वाटपाचा. अंध विद्यार्थ्याच्या किंवा वृद्धाच्या दृष्टीने बागेची किंमत प्रवेशशुल्काइतकीच नसते. रिक्षाचे भाडे आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोजगार तीत मिळवावा लागतो. शहराच्या एका टोकाला असलेले भव्य उद्यान म्हणूनच कित्येकांना परवडत नाही. त्याऐवजी प्रत्येक प्रभागातील बागेत एकेक उंच वाफा बांधावा. मरवा, दवणा, वाळा, तुळस, गवती चहा यांची रोपे किरकोळ किमतीत मिळतात. पिंपळाची सळसळ तर फुकटच. कण्हेर मात्र तेथे नको. आपल्या उद्यान खात्यांची ती मोठी लाडकी. पण तिचे सर्वांग विषारी आहे आणि येथे तर पाने हाताळण्यासाठीच माणसे यावयाची.

अडचण पुढेच आहे. जी पाने चुरगाळण्यासाठी आहेत ती वारंवार लावावी लागतात आणि त्यासाठी कायम माळी लागतो. भांडवली खर्चाला कोनशिला मिळते. माळ्याच्या पगाराला ती मिळत नाही. त्यामुळे बागा होतात आणि दोन पावसाळ्यांत वाफे उजाड होतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करण्यास नियम झाल्यापासून पाच वर्षे दिली होती आणि करमणुकीच्या जागाही त्या व्याख्येत येतात. ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. तरीही अनेक शहरांत महापालिकेच्या बागा ऐन दुपारी बंद असतात; विशेष शाळांना मुले आणता येतील, ती वेळ नेमकी हीच. तेवढ्यापुरते फाटक उघडे ठेवण्यास ना आराखडा लागतो ना निविदा. रखवालदाराची एक पाळी वाढवावी लागते.